उशीवरचा सराव

४ फेब्रुवारी

आज कंपनीनं आम्हाला मेलेल्या माणसाचं काय करायचं ते शिकवलं. अगदीच मेलेल्या नव्हे, हृदय बंद पडलेल्या. शिकवायला आलेल्या नर्सबाईंच्या मते दोन्हींत जेमतेम काही मिनिटांचं अंतर असतं, आणि त्या अंतरात आपण उभं राहायचं.

कँटीनची टेबलं भिंतीला लावून मधे कमरेपर्यंतचा रबरी बाहुला ठेवला होता. भोवती पुठ्ठा कापणारे, खोकी छापणारे, गोदामातले आणि हजेरीच्या खिडकीतली मी. आधी खांदे हलवून हाक मारायची. उत्तर नाही, श्वास नाही किंवा नुसता आ वासून आचके देतोय, तर एकाला ॲम्ब्युलन्सच्या फोनला पिटाळायचं, दुसऱ्याला झटक्याच्या पेटीकडे, आणि आपण गुडघे टेकून कामाला लागायचं. तळहाताचं मूळ छातीच्या मधोमध, वर दुसरा हात, कोपर ताठ. जोरात दाबायचं, भराभर दाबायचं, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. "बरगडी मोडल्याचा आवाज येईल. थांबायचं नाही. मोडलेली बरगडी सांधते. मेलेला माणूस सांधत नाही."

तोंडानं श्वास द्यायचा भाग आला तेव्हा कटिंगचे फोरमन मागून म्हणाले, "लेटमार्कबाई तोंडाजवळ आल्या तर मेलेला आपणच उठून पळेल." कँटीन खदखदलं. लेटमार्कबाई म्हणजे मी. मीही हसले. न हसून सांगते कुणाला?

पण दाब बरोबर पडला की लागणारा बाहुल्यावरचा हिरवा दिवा सलग लागला तो फक्त माझ्या हाताखाली. फोरमनचा लाल. नर्सबाई म्हणाल्या, "हात बघा यांचे. असे हात हवेत."

घरी येऊन सांगितलं. दादानं टीव्हीवरची नजर काढली नाही. वहिनी म्हणाली, "मग त्याच हातांनी तेवढे पडदे पिळा, वन्सं. मला जमत नाहीत."

६ फेब्रुवारी

पेटी कँटीनच्या दाराशी टांगली. डिफिब्रिलेटर असं लांबलचक नाव आहे, पण सगळे झटक्याची पेटीच म्हणतात. उघडली की ती स्वतःच बोलते: पट्ट्या चिकटवा, रुग्णाला हात लावू नका, वगैरे. तिला झटका योग्य वाटला तरच ती देऊ देते. माणसांपेक्षा बरी.

११ मार्च

मनगटं अजून दुखताहेत. अक्षर वाईट येतंय.

जेवणाच्या सुट्टीनंतर कटिंगकडून आरडाओरडा झाला. मला वाटलं, कुणाची बोटं गेली. धावत गेले तर फोरमन यंत्राशेजारी उताणे, चेहरा पाटीसारखा करडा. भोवती सगळे जमलेले आणि एकही जण वाकत नव्हता. त्यांचा सगळ्यांना धाक. पडलेल्यालाही हात लावायला माणसं घाबरत होती.

मी हाक मारली. खांदे हलवले. एक मोठा आचका, मग काही नाही. मी ओरडले, "तू फोन कर. तू पेटी आण. पळ!" माझा एवढा आवाज मलाच माहीत नव्हता. शर्टाची बटणं तोडली आणि दाबायला लागले. बाहुला आणि माणूस यांत फरक आहे. माणूस ऊबदार असतो, आणि त्याची बरगडी मोडते तेव्हा ते हाताला कळतं. एक मोडली. आणखी एक. मागे कुणीतरी "अरे बापरे" म्हणालं. मी थांबले नाही.

पेटी आली. छाती घामानं ओली होती, माझ्या ओढणीनं पुसली. एक पट्टी उजव्या खांद्याच्या हाडाखाली, दुसरी डाव्या काखेखाली, चित्रात दाखवल्याप्रमाणं. पेटी म्हणाली, हात काढा. मी म्हटलं, "सगळे दूर व्हा!" सगळे झाले. साहेबसुद्धा. बटण दाबलं, देह उसळला, आणि मी लगेच पुन्हा दाबायला सुरुवात केली, कारण नर्सबाईंनी सांगितलं होतं, झटका दिल्यावर चमत्काराची वाट बघत बसू नका.

चमत्कार मग झालाच. त्यांनी माझा हात ढकलला. डोळे उघडले आणि मला एक शिवी दिली.

आयुष्यात एवढी गोड शिवी मी ऐकलेली नाही.

१३ मार्च

हॉस्पिटलात गेले होते. शीर उघडून आत जाळी बसवली आहे. हृदय अशक्त आहे, पण घरी जातील म्हणतात. बाहेर त्यांची बायको आणि लेक बसल्या होत्या. लेक कॉलेजात जाते. मी ओळख दिली: "यांना वाचवलं ती मीच."

बायको माझ्याकडे बघतच राहिली. उपकाराचं ओझं एवढं असतं. मीच तिला जवळ घेतलं, तर तिनं अंग चोरलं. साधी बाई आहे, सवय नसेल.

डॉक्टर आले तेव्हा तिनं एकच विचारलं, "उजव्या हाताला पूर्वीसारखा जोर येईल?" डॉक्टर म्हणाले, हाताला काहीच झालेलं नाही, बरगड्या सांधल्या की सगळं पूर्ववत. तिनं खाली मान घातली. नवऱ्याच्या कामाची किती चिंता! लेकीनं विचारलं, "बरगड्या किती दिवस दुखतील?" मला गलबलून आलं. म्हटलं, "बाळ, बाबा लवकर उठतील." ती उठून पाणी प्यायला गेली.

२० मार्च

साहेबांनी सगळ्यांसमोर गुच्छ दिला. आता मला लेटमार्कबाई कुणी म्हणत नाही, डॉक्टरीणबाई म्हणतात. थट्टेतच, पण ही थट्टा चालेल.

एक शंका येते ती लिहून ठेवते. पेटीनंच वाचवलं असेल का? मी नुसती हमाली केली? नर्सबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, दाबलं नसतंत तर पेटी येईपर्यंत झटका द्यायलाही काही उरलं नसतं. बरं वाटलं.

५ एप्रिल

फोरमन हॉस्पिटलातून घरी आले. मी फळं घेऊन गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, लख्ख, एक वस्तू जागची हललेली नाही. आतल्या खोलीच्या दाराची कडी मात्र उखडलेली होती, आणि कपाटाची काच तडकलेली. घरात पुरुषमाणूस आजारी पडला की अशी कामं राहून जातात.

फोरमन किती बदललेत! उशीला टेकून बसले होते. म्हणाले, "या, या. माझी दुसरी आई आली." डोळ्यांत पाणी आलं माझ्या. माझ्या घरी मला कुणी "या" म्हणत नाही. "आलात?" म्हणतात.

बायकोला म्हणाले, "बघत काय बसलीस? चहा टाक." ती पळालीच. लेक दाराजवळच्या स्टुलावर बसून होती, चपला घालूनच. मी म्हटलं, कुठं निघालीस का? म्हणाली, "नाही."

१९ एप्रिल

दर रविवारी जाते आता. दादा म्हणाला, "लोकांच्या घरी रोज उठून काय असतं तुझं?" रोज नाही, रविवारी. आणि लोकांचं घर कसं? त्या घरात जो माणूस श्वास घेतोय तो माझ्यामुळं.

पण मी जास्त जाते का? फोरमनीण दार उघडते तेव्हा तिचा चेहरा आधी पडतो, मग ती हसते. फोरमन मात्र खूश होतात. तेवढं पुरे.

३ मे

आज फोरमन डुलकी घेत होते, तेव्हा फोरमनिणीनं मला स्वयंपाकघरात ओढलं. हळूच म्हणाली, "ताई, ते फार रागीट आहेत हो. आधीपासून. आता तर... हातातलं काहीही फेकतात. मला माझ्या आईकडे जायचंय चार दिवस, लेकीला घेऊन. तुम्ही इथं असाल तेव्हा निघू का?"

मी तिला समजावलं. मृत्यूच्या दारातून परत आलेला माणूस, चिडचिड होणारच. अशा वेळी बायकोनं माहेर गाठायचं? ती म्हणाली, "बरं. यांना सांगू नका मात्र."

पण मला राहवेना. निघताना फोरमनना गोडीत म्हटलं, "बायकोला जरा जपा. घाबरून माहेरी निघाली होती बिचारी." ते हसले. "असं म्हणाली? जपतो ना. चांगला जपतो."

दोन जिवांत समेट घडवून आणण्याचं समाधान काही वेगळंच.

१० मे

फोरमनिणीचा हात गळ्यात बांधलेला. न्हाणीघरात घसरली म्हणे. मी तिला खरखरीत रबरी पट्टा आणून दिला फरशीवर टाकायला. तिनं तो घेतला, घडी घातली, आणि म्हणाली, "ताई, तुमचे फार उपकार आहेत." लेक माझ्याशी आज एक शब्द बोलली नाही. या वयात मुली तुसड्या होतातच.

२१ जून

हे मला आधीच सुचायला हवं होतं. फोरमनचं हृदय अशक्त आहे, डॉक्टर सांगतात पुन्हा बंद पडू शकतं. कंपनीत मी आहे. घरी कोण? त्या दोघी!

हात बरा झालाय, म्हणून आज फोरमनिणीला शिकवायला घेतलं. बाहुला कुठून आणणार, सोफ्यावरची घट्ट उशी जमिनीवर ठेवली. फोरमन कॉटवरून गंमत बघत होते. "हिला काय शिकवताय? हिला भात उकळता येत नाही धड. मी मरायचो आणि ही विचारत बसायची, कुठं दाबू?" मला हसू आवरेना. तीही हसली असावी, मान खाली होती.

पहिल्यांदा नुसती थोपटत होती. मी म्हटलं, "अहो, जोर! राग काढा त्याच्यावर!"

मग तिनं जो जोर काढला! दात आवळून, कोपर ताठ, केस सुटलेले. थांब म्हटलं तरी थांबेना. उशीची शिवण उसवली, कापूस बाहेर आला. दारातून बघणारी लेक हसली. पहिल्यांदाच हसताना पाहिली तिला. फोरमन मात्र हसायचे थांबले होते.

"उत्तम," मी म्हटलं. "माझ्यापेक्षा उत्तम."

२८ जून

किती अभ्यासू निघाली ही बाई. फोरमन खाली फिरायला गेल्यावर तिनं स्वतः उशी काढली. प्रश्न विचारले. "दाबलंच नाही तर, ताई?"

"मेंदूला रक्त जात नाही. आधी मेंदू जातो, मग बाकीचं."

"किती वेळात?"

"चार-पाच मिनिटांत बिघडायला लागतो. त्यानंतर दर मिनिटाला आशा कमी."

"आणि उशिरा दाबलं तर? जगला तरी कसा जगतो?"

"अंथरुणाला खिळून, कधीकधी. म्हणून तर लगेच सुरू करायचं, आणि आधी फोन."

"म्हणजे अर्धवट वेळात दाबू नये," ती म्हणाली.

"अर्धवट काहीच करू नये," मी म्हटलं. तिनं मान हलवली. असा विद्यार्थी मिळायला भाग्य लागतं.

१६ ऑगस्ट

फोरमन गेले.

आज रविवार, नेहमीप्रमाणं मी निघायच्या तयारीत, तेवढ्यात कंपनीच्या साहेबांचा फोन. दुपारी जेवताना खुर्चीवरून कोसळले. ॲम्ब्युलन्स आली तोवर सगळं संपलेलं.

मी पोचले तेव्हा त्यांना नेलं होतं. फोरमनीण खुर्चीत बसलेली, हात मांडीवर उपडे. मी विचारलं, "दाबलं होतं ना?" ती म्हणाली, "मला काही सुचलंच नाही, ताई." लेक म्हणाली, "आई हलूच शकली नाही." बिचारी! असं होतं. नर्सबाईंनी सांगितलं होतं, आपलं माणूस असलं की हात गोठतात.

काहीतरी करावं म्हणून भांडी घासायला स्वयंपाकघरात गेले, तर करायला काही नव्हतंच. ताटं धुऊन, पुसून, जागच्या जागी. टेबल पुसलेलं. एवढ्या आकांतातही घर टापटीप ठेवलं होतं बाईनं. मला माझ्या वहिनीची आठवण झाली. साधं डोकं दुखलं की तिच्या मोरीत दोन दिवसांची खरकटी पडतात.

घरी आल्यावर रडले. दादा म्हणाला, "तुझा कोण लागत होता तो?" काय सांगणार? मी त्यांना जन्म दिला होता, असंच वाटायचं मला. पाच महिने जगलं माझं मूल.

१८ ऑगस्ट

भेटायला गेले. फोरमनचे धाकटे भाऊ आले आहेत. अगदी तीच शरीरयष्टी, तोच आवाज. क्षणभर मला वाटलं, फोरमनच बसलेत. खूप माणसं होती. कुणीतरी म्हणालं, त्या वेळी घरात एखादं जाणतं माणूस असतं तर वाचले असते.

मला ते लागलं. शिकवण्यात मी कमी पडले असं लोकांना वाटायला नको. म्हणून सांगितलं, "असं कसं? यांना येत होतं सगळं. मी स्वतः शिकवलंय, याच खोलीत."

भाऊ माझ्याकडे वळले. "वहिनीला येत होतं?"

"येत होतं म्हणजे? उशी फाडली होती त्यांनी दाबून दाबून! प्रत्येक मिनिटाचा हिशोब त्यांना ठाऊक होता."

फोरमनिणीनं माझ्याकडे पाहिलं, रागानं नव्हे, थकून. दिवसभर पायपीट करून आलेलं माणूस बंद दाराकडे बघतं तसं. भाऊ म्हणाले, "ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला, अंग गार पडलं होतं. आणि ही म्हणते, पडल्या पडल्या फोन केला."

मी म्हटलं, "घाबरल्यावर वेळेचं भान राहत नाही." पण तोवर ते उठून बाहेर गेले होते, फोन काढत.

२४ ऑगस्ट

पोलिसांत तक्रार झाली आहे. मला जबाबाला बोलावलंय. कंपनीत सगळे कुजबुजतात. छपाईतला एक जण म्हणाला, "डॉक्टरीणबाई, त्या बाईच्या अंगावर कधी बघितलं नाहीत का हो? आम्ही तर वर्षानुवर्षं ऐकत होतो." मी विचारलं, काय ऐकत होता? तो म्हणाला, "जाऊ द्या. मेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं." मग आधी तरी कशाला बोललास?

संध्याकाळी फाटकाबाहेर फोरमनची लेक उभी होती. काका तिला त्यांच्या गावी नेणार आहेत. आईजवळ ठेवायची नाही म्हणतात. तिच्या मनगटावर लाल वळ होता. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "काकांनी हात धरला." मग एकदम माझा हात धरून म्हणाली, "मावशी, एवढंच सांगा की आईला जमत नव्हतं. एकदाच दाखवलं होतं, तिला नीट समजलं नव्हतं, एवढंच. तेवढ्यानं होईल."

पहिल्यांदा मावशी म्हणाली मला. जीव कळवळला. पण म्हणून खोटं बोलायचं? जमत नव्हतं म्हणजे कुणाला कमीपणा? शिकवणारीलाच. मी तिला समजावलं की खऱ्याला मरण नाही, आईनं काही केलं नसेल तर भ्यायचं कशाला. तिनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही बाबांना सांगितलं होतं ना, आई माहेरी जाणार म्हणून?"

"भल्यासाठीच," मी म्हटलं.

तिनं हात सोडला आणि गेली. जेवण गेलं नाही मला. न्हाणीघर, कडी, मनगट, असलं काहीबाही डोक्यात फिरत राहिलं. पण ज्या माणसानं मला आई म्हटलं, त्याच्याबद्दल मी वाईट विचार करू? छे. त्यांनी माझ्यासमोर कधी आवाजही चढवला नाही.

२६ ऑगस्ट

जबाब झाला.

इन्स्पेक्टर सभ्य होते. चहा दिला. फोरमनीण बाकावर बसलेली, शेजारी शिपाईबाई. पलीकडे भाऊ, आणि त्यांच्या शेजारी लेक. तिचा दंड त्यांच्या मुठीत. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. कंपनीतला दिवस, पेटी, झटका. तो भाग त्यांनी फारसा लिहून घेतला नाही. मग शिकवणीबद्दल विचारलं.

लिहून झाल्यावर त्यांनी वाचून दाखवलं: "मी मयताच्या पत्नीस उशीवर जुजबी माहिती दिली होती."

मी म्हटलं, "जुजबी नाही, साहेब."

ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, विचार करून सांगा. दोन रविवार, एक उशी. जुजबीच म्हणायचं ना? मी तसंच राहू देतो." मला वाटतं, ते मला काहीतरी सुचवत होते, पण काय ते नीट कळलं नाही. लेक माझ्याकडे टक लावून बघत होती.

पण जे खरं ते खरं. एवढ्या लोकांत माझ्या कामाला जुजबी म्हणवून घेऊ? नर्सबाईंनी माझ्या हातांबद्दल काय म्हटलं होतं ते यांना कुठं ठाऊक. मी म्हटलं, "व्यवस्थित, पूर्ण शिकवलं होतं. तसंच लिहा." त्यांनी शब्द खोडला, वर नवा लिहिला. मी सही केली. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

निघाले, तेव्हा फोरमनीण बाकावरूनच म्हणाली, "ताई, शिकवलंत मात्र तुम्ही मन लावून. मला कुणी कधी एवढ्या मायेनं काही शिकवलं नव्हतं."

सगळ्यांसमोर म्हणाली. मला भरून आलं. मी तिचे दोन्ही हात हातात घेतले. म्हटलं, "अहो, तुम्हीही काय सुरेख शिकलात. तुम्ही मनावर घेतलं असतं तर ते नक्की उठून बसले असते."

इन्स्पेक्टरांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.